मुलगी पाहायला गेलो, बिअर चाखून आलो

नाकाडोंगरीच्या अलीकडे कोणीतरी क्राफ्ट बिअरची भट्टी काढली आहे, ही बातमी मला कळली ती वैशालीच्या मामाजींकडून. वैशाली म्हणजे माझी बायको. तिचे मामाजी लाखांदूरला धानाची शेती करतात आणि चहापलीकडे कशाच्याही वाटेला जात नाहीत. त्यामुळे त्यांचा फोन आला तेव्हा मी सावरूनच बसलो.

"जवाईबापू, तुमी बिअर पेता ना?"

सासरच्या माणसानं असं विचारल्यावर काय सांगावं? मी म्हटलं, "कधीमधी."

"मंग चाला माह्यासंगं. मले त्यातलं काही समजत नाही."

प्रकरण असं होतं. मामाजींचा राहुल भंडाऱ्याला नोकरीत आहे. शीतल नावाच्या मुलीवर त्याचं मन बसलेलं. शिक्षण, घरदार, नातीगोती सगळं जुळत होतं, पण तिच्या भावानं, अतुलनं, जुन्या राइस मिलमध्ये बिअरची भट्टी टाकली आणि माशी शिंकली. मामी म्हणाल्या, दारूवाल्याच्या घरची सोयरीक नको. राहुल म्हणाला, मग मला लग्नच नको. मायलेकांचं बोलणं बंद झालं, आणि मधल्या मधे मामाजींना जेवण गोड लागेना. शेवटी त्यांनी ठरवलं की आपण स्वतः जाऊन पाहायचं आणि काय तो निकाल लावायचा. मी सोबत तज्ज्ञ म्हणून. इतक्या मानाचं आमंत्रण मला सासरहून आजवर आलं नव्हतं.

शनिवारी सकाळी नागपूरहून निघालो. भंडाऱ्यापर्यंत रस्ता गुळगुळीत आहे, तास-सव्वा तासात पोचता. तुम्ही चाखायला जाणार असाल तर न पिणारा माणूस गाडीवर हवाच. आमच्याकडे ती जबाबदारी वैशालीनं घेतली आणि त्याबद्दल दिवसभर ऐकवलंही. मामाजी लाखांदूरच्या एसटीनं भंडाऱ्याला येऊन थांबले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, टोपी, आणि पिशवीत पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या.

"एवढं पाणी कशाला, मामाजी?"

"आपल्या घराण्यात पसंती सांगेपर्यंत पोरीकडचं पानीबी घेत नाही. घेतलं म्हंजे होकार झाला. तुमी जवाई, तुमाले चालते. आता इथंच पोटभर खाऊन घ्या."

स्टँडजवळच्या टपरीवर तर्री-पोहे खाल्ले. लाल तर्री, वर कच्चा कांदा, डोळ्यांतून पाणी. मामाजींनी दोन प्लेटा संपवल्या, उपासाच्या आदल्या रात्री जेवावं तशा.

तुमसरपर्यंत काही अडचण नाही. त्यापुढे रस्ता अरुंद होतो, खाणीकडचे ट्रक समोरून येतात आणि घाई केली तर तुमचीच फजिती. पेट्रोल तुमसरलाच भरून घ्या. पुढे फोनची रेंजही येते-जाते. मात्र दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, मधूनच एखादं तळं, मग एकाएकी साग सुरू होतो आणि हवा गार लागते. मी खिडकी उघडी ठेवून बसलो होतो. मागे मामाजी धान न्याहाळत होते. एकदाच म्हणाले, "राहुल्या लई हट्टी हाय. त्याच्या मायवर गेला."

मिल लांबूनच दिसली. पत्र्याचं उंच छप्पर, बाहेर भुशाचा ढीग, आणि दारात दोन म्हशी निवांत काहीतरी चघळत उभ्या. आत शिरलं की उकडलेल्या धान्याचा गोडसर वास येतो. एका बाजूला चकचकीत स्टीलच्या टाक्या, दुसऱ्या बाजूला सात-आठ टेबलं. चार छोट्या ग्लासांचा ट्रे साडेतीनशे रुपयांना. सोमवारी बंद असतं.

राहुलनं कळवून ठेवलंच होतं. अतुल धावत आला, मामाजींच्या पाया पडला, पाणी आणलं. मामाजींनी स्वतःची बाटली काढली. अतुलचा चेहरा पडला. त्यालाही रीत ठाऊक असावी. मग लाखोळीच्या डाळीचे गरम वडे आले. मी ट्रे मागवला आणि वडेही खाल्ले. वरून कुरकुरीत, आत भरडसर, सोबत जवसाची चटणी. मामाजी वड्यांकडे बघत नव्हते, म्हणजे इतकं न बघणं मी याआधी पाहिलं नव्हतं.

"शीतल घरी असन?" त्यांनी विचारलं.

"नाही काकाजी, इथंच हाय. मी तं फक्त गल्ला अन् गिऱ्हाईक पाहतो. बिअर तेच बनवते."

मी ग्लास खाली ठेवला. वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. भावाचा धंदा चालवून घ्यावा की नाही, एवढ्यावर मामी अडून बसल्या होत्या, आणि इथे तर होणारी सूनच भट्टी लावत होती. झालं, म्हटलं, संपलं लग्न.

शीतल टाक्यांमागून आली. पायात गमबूट, रबरी एप्रन, केस रुमालात बांधलेले. हात पुसले, वाकून नमस्कार केला, आणि लाजण्याबिजण्याच्या भानगडीत न पडता विचारलं, "भट्टी पाहता काय, काकाजी?"

मामाजी तिच्यामागून गेले, आम्ही त्यांच्यामागून. तिनं पोती दाखवली. मामाजींनी हात घालून तांदूळ बोटांत चोळला.

"चिन्नोर हाय हा!" भंडाऱ्याकडचा सुवासिक तांदूळ तो, त्यांचा आवाज चढला. "चिन्नोर उकळून राहिली तू?"

"कणी हाय जी. गिरणीत तुटते ना, ते. अख्खा दाना मी कायले उकळू? घरी भाताले लागते."

मामाजींचा आवाज तिथेच उतरला. मग तुसाची पोती. उकडलेल्या धान्याचा गाळ बसतो, त्यात तूस मिसळलं की पाणी नीट झिरपतं, असं तिनं सांगितलं. गाळून राहिलेला चोथा दारातल्या म्हशींना.

"दूध वाढलं काय?" मामाजींनी विचारलं. आता ते शेतकरी होते, वरपिता नव्हते.

"म्हशी तं खूश हायेत," ती हसली.

शेवटच्या टाकीत तांदळाच्या बिअरची नवी खेप तयार होत होती. तिनं झाकण सरकवलं आणि लांब दांड्याची स्टीलची पळी आत बुडवून वर काढली. "वास घेऊन पाहा, काकाजी. चिन्नोरचा येते की नाही, तुमीच सांगा." आणि पळी त्यांच्यासमोर धरून जराशी कलती केली.

मामाजी रोज सकाळी देवळात जाणारे. समोर पळी कलती झाली आणि त्यांचा उजवा हात आपोआप पुढे आला, तळव्याचा खळगा झाला, डावा हात त्याखाली. शीतलही गोंधळली आणि तिनं ओतली. मामाजींनी ती भक्तिभावानं प्राशन केली, ओला हात डोळ्यांना लावला आणि टोपी मागे सारून डोक्यावरून फिरवला.

मग त्यांना कळलं.

अतुलच्या तोंडाचा आ झालेला. वैशालीनं पदर तोंडात धरला होता आणि तिचे खांदे गदगदत होते. शीतल पळी धरून उभी, कानापर्यंत लाल.

मामाजींनी जीभ टाळ्याला लावून चव पाहिली. "वास येते," ते म्हणाले. "हलका हाय, पण येते." मग टोपी सरळ केली. "बापा, आता पोटात गेलंच. अतुल, वडे गरम हायेत काय?"

मामाजींनी पाच वडे खाल्ले, अतुलच्या घरचं पाणी प्यायले, वर चहाही मागवला. मी मात्र माझं काम इमानदारीनं केलं. संत्र्याच्या सालीची गव्हाची बिअर उन्हाळी दुपारी झकास लागेल. कडू वाली मला जरा जास्तच कडू वाटली. मोहफुलांची काळी, दाट, जेवणानंतर एकच पुरे. तांदळाची सगळ्यांत साधी आणि सगळ्यांत चांगली. तीच मागा.

परतीच्या वाटेवर मामाजींना एकाच गोष्टीची काळजी. मामींनी विचारलं, पोरगी काय करते, तर काय सांगावं? वैशाली म्हणाली, धानाचा प्रक्रिया उद्योग सांगा. मी म्हटलं, म्हशींसाठी पौष्टिक चारा बनवते. मामाजी दोन्ही वाक्यं घोकत भंडाऱ्याला एसटीत चढले.

घरी येऊन चार दिवस झाले तरी लाखांदूरहून काही कळेना. राहुलला विचारायची हिंमत होत नव्हती. बिअर चांगली होती, रस्ता चांगला होता, पण मनात सारखी ती गमबूट घातलेली मुलगी येत होती. हे लग्न व्हावं, असं मला फार वाटत होतं. आज सकाळी मामाजींचा फोन आला.

"काय सांगितलं मग मामींना?"

"खरं तेच सांगितलं. पोरगी बिअर बनवते, अन् चांगली बनवते. मले खोटं बोलता येते काय?"

"आणि मामी?"

"तीन दिवस बोलली नाही. ताट वाढे अन् निंगून जाये." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आज चहा देऊन राहिली होती. मले म्हणते, ते गमबूट घालते म्हणता, तं साडी सहावारी घ्याची, का नऊवारी झेपन तिले?"