रोजचा एक भारा

गोविंदअप्पा सकाळी साडेसहाला शेजारच्या रिकाम्या प्लॉटमध्ये उतरत आणि सात वाजून दहा मिनिटांनी थांबत. समोर कितीही गवत उरलेलं असो, थांबत म्हणजे थांबत. मग विळ्याचं पातं फडक्याने पुसत, कापलेल्या गवताचा एक भारा बांधत आणि घराच्या कट्ट्यावर जाऊन बसत.

विळा साधा नव्हता. पुरुषभर उंचीचा दांडा, त्याला मध्ये एक आडवी मूठ आणि खाली हातभर लांब वाकडं पातं. उभ्याने, दोन्ही हातांनी, उजवीकडून डावीकडे अर्धवर्तुळात फिरवायचा. अप्पा सर्व्हे खात्यात मोजणीदार होते. हद्दीचे दगड झाडोऱ्यात बुडालेले असत. रान साफ केल्याशिवाय मोजणीची साखळी टाकता येत नसे. हल्याळकडच्या ज्या गड्यांनी त्यांच्यासाठी रानं साफ केली, त्यांच्याकडून ते हे शिकले. रिटायर झाल्यावर सुभाष रोडच्या मागच्या गल्लीतल्या लोहाराकडून त्यांनी आठवणीवरून तसाच विळा करून घेतला.

मी धारवाडच्या आमच्या कॉलनीची सेक्रेटरी. नऊ वर्षं झाली. हे काम माझ्याकडे आलं कारण मी याद्या करते आणि त्या पुऱ्या करते. अप्पांशी माझी ओळख त्यातूनच झाली. पहिल्याच पावसाळ्यात मी त्यांना कुंपणावरून म्हटलं, "अप्पा, जरा जोर लावलात तर आठवड्यात अख्खा प्लॉट मोकळा होईल."

"निधान, अक्का, निधान," ते म्हणाले. हळू घ्या, एवढाच त्याचा अर्थ, पण ते तो शब्द असा लांबवत की ऐकणाऱ्याचीच घाई उघडी पडावी. "दंवात गवत मऊ असतं, तेव्हाच कापायचं. ऊन चढलं की ते विळ्याशी भांडतं. आणि कंबरेतून वळायचं. हात नुसते सोबतीला."

काँग्रेस गवत मात्र ते विळ्याने कापत नसत. फूल धरायच्या आत हाताने, मुळासकट उपटून वेगळं टाकत. मला वाटे, काय हा वेळकाढूपणा.

आठ वाजता गंगव्वा येई. तिच्या दोन म्हशी होत्या आणि ती भारा न्यायला येई. येताना तांब्यात ताक. अप्पांच्या पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी पुण्याला. गंगव्वाखेरीज त्यांच्या फाटकाची कडी कुणी उघडताना मी पाहिलेलं नाही. मी ऑफिसला निघताना दोघांचं कन्नडमधलं बोलणं कानावर पडे.

"आज भारा लहान दिसतोय, अप्पार."

"म्हशींना सांग, गवत संक्रांतीपर्यंत पुरवायचंय."

"म्हशी तुमच्यापेक्षा शहाण्या. पोट भरलं की गप्प बसतात."

"मग उद्यापासून त्यांना पाठव. तू घरी बस."

ती पायरीवर अर्धा तास बसे. अप्पा बोलत. कुठल्या गावात दोन भावांनी एका बांधावरून बारा वर्षं एकमेकांचं कसं तोंड पाहिलं नाही, आणि मोजणीत तो बांध तिसऱ्याचाच कसा निघाला. गंगव्वाने ती गोष्ट पुष्कळदा ऐकली असावी, कारण कधीकधी शेवट तीच सांगे.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात त्या प्लॉटमधून एक धामण निघाली आणि समोरच्या घराच्या न्हाणीत शिरली. कुणाला काही झालं नाही, पण तक्रार लेखी आली. मालक बेंगळुरूला. मी त्यांची फोनवर परवानगी घेतली आणि गवत कापायचं मशीन घेऊन फिरणारी दोन माणसं ठरवली. अप्पांना तर मदतच होईल, त्या वयात रोज विळा फिरवायचा म्हणजे काय, असंही माझ्या मनात होतं. त्यांना विचारायचं मात्र सुचलं नाही.

दुपारी तीन तासांत सगळा प्लॉट सपाट झाला. संध्याकाळी मी पाहायला गेले तेव्हा अप्पा कुंपणाशी उभे होते. जमिनीवर हिरवा भुगा पसरला होता, वास उग्र येत होता.

"छान झालं की नाही, अप्पा?"

"स्वच्छ झालं," ते म्हणाले. मग बोट दाखवत म्हणाले, "पलीकडच्या कोपऱ्यातला हद्दीचा दगड दिसतोय. मी अंदाजाने धरला होता तिथंच आहे."

मी यादीवर खूण केली.

पंधरा दिवसांनी अप्पा माझ्या दारात येऊ लागले. आधी कधी आले नव्हते. रस्त्यावरचा दिवा लुकलुकतो. मी दुसऱ्या दिवशी बदलून घेतला. मग नळाचं पाणी गढूळ. मग गटाराची फरशी डुगडुगते. आठवड्यात तीनदा, तेही मी डबा भरत असताना. मी उभ्या उभ्या लिहून घेई आणि काम करून टाकी. मला वाटे, उतारवयात माणूस कटकट्या होतो. एकदा त्यांनी सांगितलं की कोपऱ्यावरच्या पाटीतलं एक अक्षर पुसट झालंय. मी म्हटलं, "अप्पा, तुम्हाला फेऱ्या कशाला? कागदावर लिहून गेटजवळच्या पेटीत टाकत चला. मी रोज पाहते."

"तेही बरोबर," ते म्हणाले. "तुमची गडबड असते."

पेटीत त्यांची एकच चिठ्ठी आली, रेखीव अक्षरात, खाली सही. त्यानंतर काही नाही. तक्रारी मिटल्या म्हणून मला बरं वाटलं.

मार्गशीर्षात एका सकाळी गंगव्वा रस्त्यात भेटली. डोक्यावर भारा, पण येत होती दुसऱ्याच दिशेने. मी सहज विचारलं, "अप्पांकडचं गवत आता चालत नाही का?"

"मशीनचं कोण खाईल, अक्कार? तुकडे, माती, काँग्रेस, सगळं एकात. म्हैस तोंड लावत नाही. मग मी इकडं बघितलं."

"पण आता तर परत वाढलंय."

"वाढलंय. पण अप्पा कापत नाहीत. मी दोनदा जाऊन आले. म्हणाले, कॉलनीची पद्धत आता वेगळी आहे, मी मध्ये पडायला नको." तिने डोक्यावरचा भारा सरळ केला. "गवत काय, मला घराजवळच मिळायचं. एवढ्या लांब मी भाऱ्यासाठी येत होते काय? माणूस सकाळपासून बोलायचं साठवून ठेवायचा. आता कुणाशी बोलतो कोण जाणे."

अप्पा कुणाशी बोलायला आले होते ते मला ठाऊक होतं. मी त्यांना पेटी दाखवली होती.

"रविवारी मुलगी न्यायला येणार आहे," गंगव्वा म्हणाली. "कायमचं. तुम्हाला माहीत नाही?"

तो शुक्रवार होता. मी ऑफिसला फोन करून उशिरा येते म्हणून कळवलं आणि अप्पांकडे गेले. फाटक उघडून आत जाण्याची सात वर्षांतली माझी पहिली वेळ. खोलीत दोन खुर्च्या होत्या. एकीवर अप्पा, दुसरीवर वर्तमानपत्रांची चळत, खुर्चीच्या हातांच्याही वर गेलेली. त्यांनी ती दोन खेपांत उचलून खाली ठेवली आणि खुर्ची धोतराच्या सोग्याने पुसली.

"मशीन आणायच्या आधी मी तुम्हाला विचारायला हवं होतं," मी म्हटलं.

"होगली बिड्री," ते म्हणाले. जाऊ द्या. "सापाचं काम होतं. तुम्ही तुमचं केलंत."

"पुण्याला नाही गेलात तर? गंगव्वा परत येईल म्हणते."

"मुलीनं खोली रंगवून ठेवलीय." ते म्हणाले. "आठवा मजला. गवत तिथवर येत नाही."

मी हसले, कारण त्यांनी ते हसण्यासाठीच म्हटलं होतं. मग पुण्याच्या हवेचं झालं, गाडीच्या वेळेचं झालं. मी पर्स उचलली.

"आणि काय विशेष?" अप्पांनी विचारलं.

अप्पा गेल्या वर्षी पुण्यातच वारले. फोनवर मुलीने सांगितलं, झोपेत गेले. मला मात्र ते आठवतात ते त्या शुक्रवारी पुढे वाकून उत्तराची वाट पाहणारे. विशेष काहीच नव्हतं. दिवे, नळ, गटारं सोडून मी त्या माणसाशी कधी काही बोललेच नव्हते. मी पर्स खाली ठेवली आणि सकाळी डब्याला काय केलं होतं ते सांगायला लागले. मेथीची पातळ भाजी, डाळ घालून.

"लसूण आधी घालता की वरून?" अप्पांनी विचारलं, आणि खुर्ची जवळ ओढली.