आदेशाच्या आधी निरोप

सातारा-सांगलीच्या पट्ट्यात कुठल्याही सरकारी माणसाला शिंक आली, तर त्याला रुमाल सापडायच्या आत त्याची बदली कुठं होणार हे आमच्या भाऊसाहेबांना ठाऊक असायचं. भाऊसाहेब म्हणजे पलूसला आमच्या निराधार अनुदानाच्या कचेरीतले अव्वल कारकून. कचेरीचं काम म्हाताऱ्याकोताऱ्यांना महिन्याची मदत पोचवायचं, आणि भाऊसाहेबांचं काम आम्हाला आमच्याच बातम्या पोचवायचं. माझं लग्न ठरल्याचं मला त्यांच्याकडून कळलं. घरी विचारलं तर आई म्हणाली, "तुला कुणी सांगितलं?" बातमी ते कुजबुजत सांगायचे, पण ती कुजबुज एसटी स्टँडवर पोचायची आणि कंडक्टर गाडी सोडायचे थांबायचे.

बातमी घडायची वाट बघणं त्यांना कमीपणाचं वाटे. "आदेश काय, मागनं येतोय की," म्हणत ते आधीच हाराची ऑर्डर देऊन मोकळे. आमच्या नायब तहसीलदार साहेबांची बदली त्यांनी अशीच जाहीर केली. शाल झाली, नारळ झाला, भाऊसाहेब भाषणात असे रडले की अनुदानाला आलेल्या आज्याही डोळ्याला पदर लावून रडल्या. आणि आदेश आलाच नाही. सोमवारी साहेब येऊन खुर्चीत बसले. आमच्याकडं रीत अशी, की नारळ दिलेला माणूस गेला. त्याच्याकडं सही मागायची म्हणजे जेवून उठलेल्या पाहुण्याला भांडी घासायला लावणं. बरेच दिवस साहेबांना चहासुद्धा बशीत बिस्किटं ठेवून, पाहुण्यासारखा जायचा.

एका आजीनं शिपाई मालनमावशींना विचारलं, "सायेब गेलं न्हवं का?"

"गेलं की," मावशी म्हणाल्या. "पर बसल्यात."

भाऊसाहेबांना स्वतःची एकच बातमी हवी होती, आणि ती काही येत नव्हती. बायको फलटणला शिक्षिका, मुलगी तिथंच शाळेत. शुक्रवारी संध्याकाळी हे विट्यावरून फलटण गाठायचे, सोमवारी पहाटे परत. मुलगी रांगायला लागली, बोलायला लागली, सायकल शिकली, हे सगळं त्यांना फोनवर कळलं. जगाच्या आधी सगळं कळणाऱ्या माणसाला घरचं मात्र शिळं मिळायचं. दरवर्षी ते फलटणसाठी अर्ज करायचे आणि दरवर्षी तिथं दुसराच कुणी जायचा.

यंदा आदेश आला. फलटण, आणि सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्याला. मी मोबाइल त्यांच्यापुढं धरला. त्यांनी चष्मा पुसून वाचलं आणि म्हणाले, "खोटं हाय."

"आवं, सही-शिक्का हाय की खाली."

"हिथली प्रत्येक बातमी मी सोडतो. ही मी सोडलेली न्हाई. मग खरी कशी असंल?"

आणि अर्जांचा गठ्ठा ओढून ते कामाला लागले. त्यांना काम करताना बघून आम्ही खरोखर घाबरलो. मावशींनी विनवलं, मी चिडलो, सगळं वाया. शुक्रवारची दुपार कलली तसे साहेब बाहेर आले. त्यांनी भाऊसाहेबांच्या पुढचा गठ्ठा उचलला, शेजारी बसले आणि हळू म्हणाले, "भाऊसाहेब, मला नारळ मिळाला, बदली मिळाली नाही. तुम्हाला बदली मिळाली आहे, नारळाची वाट बघू नका. गाडी चुकेल."

भाऊसाहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग पिशवी उचलली. भाषण नाही, रडणं नाही. दारात चपला घालताना मावशींना एवढंच म्हणाले, "मावशी, घरी काय सांगू मी आता? पोरीला सवयच न्हाई मी ऱ्हायला येण्याची."

आता आमच्याकडं बदल्या आदेशानंच होतात. खुर्ची रिकामी दिसली की कळतं, कुणीतरी गेलं.

परवा त्यांचा फोन आला. "काय नवीन?" मी खूश झालो. नव्या कारकुनाचं लग्न मोडता मोडता जमलं होतं, ते सगळं मसाला लावून सांगायला मी घसा साफ केला. तेवढ्यात पलीकडून पोरीचा आवाज आला, "बाबा, ताट वाढलंय."

"ठेवतो रं," भाऊसाहेब म्हणाले, आणि बातमी न ऐकताच त्यांनी फोन ठेवला.