काळे काकांची ॲप-निवड समिती

किस्से मुद्दाम कोणी साठवत नाही. बेडरूममधल्या खुर्चीवर कपडे साठतात ना, तसे ते साठतात. आज एक टाकला, उद्या एक, आणि एक दिवस बघावं तर खुर्चीच दिसत नाही! आमच्या नोएडाच्या सोसायटीतल्या मराठी मंडळींचं असंच झालं. गणपती ते दिवाळी एवढ्या वेळात आम्हाला सगळ्यांना मिळून फक्त एक ॲप निवडायचं होतं. ॲप एकच निवडलं, किस्से मात्र ढीगभर झाले.

मंडळी म्हणजे फार नाहीत. मी आणि माझा नवरा मिलिंद, तो मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. समोरच्या टॉवरमधला शकील तांबोळी, मूळचा साताऱ्याचा, न्यूज चॅनेलमध्ये व्हिडिओ एडिटर, आणि त्याची बायको नसरीन. आमच्यातली सगळ्यात तरुण म्हणजे पल्लवी, ती एका स्टार्टअपमध्ये आहे. आणि आमचे काळे काका-काकू. काका एका केंद्रीय मंत्रालयातून अंडर सेक्रेटरी म्हणून रिटायर झाले. रविवारी सकाळी आम्ही सगळे त्यांच्याकडे पोहे खायला जमतो.

तर एका रविवारी काकांचा चेहरा उतरलेला. त्यांचा मुलगा अभि बेंगळुरूला असतो. काका फोनवर त्याला सहज बोलून गेले, "अरे, दर महिन्याला खात्यातून काहीतरी कापलं जातं, कशाचं ते कळत नाही." झालं! अभि म्हणाला, "पप्पा, दिवाळीत येतो तेव्हा बँकेतला तुमचा मोबाइल नंबर काढून माझा टाकू. मी इथून बघत जाईन सगळं."

"सगळं म्हणजे?" काकांनी आम्हाला विचारलं. "मी कोपऱ्यावर पेरू घेतले तरी त्याला बेंगळुरूत मेसेज जाणार?"

ज्या माणसाच्या सहीशिवाय करोडोंच्या फायली हलायच्या नाहीत, त्याची ही अवस्था! मला फार वाईट वाटलं. पल्लवी म्हणाली, "काका, यासाठी ॲप असतात. कुठलं सबस्क्रिप्शन चालू आहे, कधी कापलं जाणार, सगळं दाखवतात. दिवाळीपर्यंत एक शिकून घ्या, अभिला बोलायला जागाच राहणार नाही."

गंमत म्हणजे आमच्यापैकी एकालाही आपलं स्वतःचं काय काय कापलं जातं ते सांगता येईना. मग ठरलं, सगळ्यांनीच एक ॲप निवडायचं.

*

काका म्हणाले, "ठीक आहे, पण प्रोसिजरने करू." पुढच्या रविवारी पोह्यांच्या आधी समिती स्थापन झाली. अध्यक्ष काका, सदस्य आम्ही. तीन ॲप मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा आणि सगळ्यात कमी भाव ज्याचा, त्याला निवडायचं. सरकारी भाषेत त्याला एल-वन म्हणतात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

पल्लवीने तीन ॲप आणली. काकांनी पट्टी घेऊन रकाने आखले. पहिल्याचा भाव विचारला. "फुकट," पल्लवी म्हणाली. दुसऱ्याचा? "फुकट." तिसऱ्याचा?

"काका, ते पण फुकटच."

काकांनी पेन खाली ठेवलं. "सगळेच एल-वन? माझ्या अख्ख्या नोकरीत असं झालं नाही! यात नक्की काहीतरी घोटाळा आहे."

आणि फुकटात काय काय असतं, ते आम्हाला नंतर कळलंच.

*

पहिलं ॲप शकीलने घेतलं. ते फोनमधले बँकेचे मेसेज वाचायचं आणि जे पैसे परत परत जातात त्यांना सबस्क्रिप्शन म्हणायचं. हुशार होतं, पण जरा जास्तच हुशार. दोन-चार दिवसांत त्याने शोध लावला की शकीलचं सगळ्यात मोठं सबस्क्रिप्शन 'राजू' नावाचं आहे. रोज संध्याकाळी राजूला पैसे जातात. मग ॲपने स्वतःहून आठवण करायला सुरुवात केली, "उद्या राजूचं पेमेंट आहे. रद्द करायचं आहे का?"

हा मेसेज नेमका नसरीनने वाचला. "राजू कोण?"

शकील त्या दिवसांत डाएटवर होता. म्हणजे घरी होता. तो म्हणाला, "ट्रेनर आहे गं."

"अच्छा? कशाचा?"

"असाच... जनरल फिटनेस."

नसरीनने शांतपणे शकीलच्याच फोनवरून राजूचा नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. मागे कढईचा आवाज, आणि मेट्रो स्टेशनखालचा राजू प्रेमाने म्हणाला, "हां शकील भैया, आज मोमोज स्टीम वाले या फ्राइड?"

शकील आम्हाला म्हणाला, "भीक नको पण कुत्रं आवर! दुसरं ॲप दाखवा यार." ते ॲप समितीने एकमताने फेटाळलं. नसरीनने मात्र ते शकीलच्या फोनवर चालूच ठेवायला लावलंय.

*

मिलिंदचा ॲपवर विश्वासच नाही. तो म्हणाला, "आमच्या प्लांटमध्ये या सगळ्याला एक साधा इलाज आहे. जी वस्तू महिनाभर वापरली नाही, तिला लाल टॅग लावायचा आणि स्क्रॅपला पाठवायची. घरात तेच करू."

कंपनीतून लाल टॅगचा गठ्ठाच घेऊन आला. पहिला टॅग टीव्हीवर लागला, कारण मी घेतलेली मालिकांची सबस्क्रिप्शन्स. दुसरा माझ्या योगा मॅटवर, कारण ऑनलाइन योगा क्लास. तिसरा स्वयंपाकघरात, कारण महिन्याला हप्ता जाणारं आणि मी फक्त एकदा उघडलेलं रेसिपीचं ॲप. प्रत्येक टॅगवर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं, "एक महिना वापरात नाही." मी म्हटलं, "आणि तुझं जिम? ती गिटार शिकवणारी साइट?" तर म्हणे, "त्याचं प्लॅनिंग चालू आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा कंपनीच्या बसने गेला. नोएडाहून मानेसर म्हणजे अख्खी दिल्ली ओलांडायची. बसमध्ये सगळे आज एवढे खुश का आहेत, त्याला कळेना. गेटवर उतरला तर सिक्युरिटी गार्डने सॅल्यूट ठोकला आणि विचारलं, "सर, आप ऑफिस जाओगे या सीधा स्क्रैप यार्ड?"

त्याच्या शर्टच्या पाठीवर लाल टॅग होता, "एक महिना वापरात नाही."

कोणी लावला ते मी सांगणार नाही. पण त्या संध्याकाळी मिलिंद जिमला गेला.

*

पल्लवी म्हणजे आमची एक्सपर्ट. ती म्हणाली, "ताई, फुकटवाल्यांचं काही खरं नाही, उरलेली दोन पण तसलीच. पैसेवाली चांगली असतात. मी सगळ्यांची फ्री ट्रायल घेते, कम्पेअर करते आणि ट्रायल संपायच्या आत कॅन्सल करते." हुशार मुलगी. विसरू नये म्हणून तिने त्यातल्याच एका ॲपमध्ये बाकीच्यांची आठवण लावून ठेवली.

पुढच्या महिन्यात सगळ्या ॲपचे पैसे कापले गेले!

"असं कसं झालं?" मी विचारलं.

"ताई," ती रडवेली होऊन म्हणाली, "आठवण करून देणं प्रीमियममध्ये होतं."

आता तिचा सबस्क्रिप्शनवरचा सगळ्यात मोठा खर्च म्हणजे सबस्क्रिप्शन शोधून देणारी ॲप. काका पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाले, "चोर पकडायला पोलीस ठेवला, आणि पोलिसाचा पगार चोरीपेक्षा जास्त!" पल्लवीलाही हसू आलं. मग आम्ही सगळ्यांनी मिळून तिच्या सगळ्या ट्रायल्स बंद केल्या, त्यातच तो रविवार गेला.

*

यात काकांची प्रगती कशी चालली होती? तर अजिबात नाही. त्यांना त्यांचं पहिलं सबस्क्रिप्शन सापडलं, ते एका शब्दकोड्यांच्या ॲपचं. कधीतरी चुकून बोट लागून सुरू झालेलं. मी म्हटलं, "काका, हे लगेच बंद करा." त्यांनी बटण दाबलं.

स्क्रीनवर एक रडका चेहरा आला. खाली लिहिलेलं, "तुम्ही खरंच चाललात? आम्हाला तुमची खूप आठवण येईल. प्लीज थांबा."

काका बराच वेळ ते वाचत बसले. मग त्यांनी 'थांबतो' दाबलं आणि वर्षभराचे पैसे भरून टाकले!

"अहो काका!"

"मनीषा, मी रिटायर झालो तेव्हा मला एक शाल दिली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीवर दुसरा माणूस," काका म्हणाले. "आजपर्यंत मला कोणीही 'प्लीज थांबा' म्हटलं नव्हतं."

आतून काकूंचा आवाज आला, "मी रोज म्हणते, जेवण होईपर्यंत टीव्हीसमोर जाऊ नका, प्लीज थांबा! ते ऐकू येत नाही!"

*

दिवाळी जवळ आली आणि काका गप्प गप्प राहायला लागले. एका संध्याकाळी सोसायटीच्या बागेत भेटले. हवा बिघडायच्या आधीचे ते चार छान दिवस होते. मला म्हणाले, "पैशाचं काही नाही गं. पोरगा काळजीनेच म्हणतो, तेही कळतं. पण बँकेचा नंबर एकदा त्याचा झाला की उद्या गाडीची किल्ली जाईल, परवा म्हणेल बाजारात एकटे जाऊ नका. मला अजून एवढं म्हातारं नाही व्हायचं."

मग मी त्यांना पल्लवीने शेवटी शोधलेलं एक अगदी साधं ॲप लावून दिलं. ते मेसेज वाचत नाही, बँकेत डोकावत नाही. आपलं आपण लिहायचं, कुठलं, कधी, किती. आम्हा बाकीच्यांना त्याचा कंटाळा आला होता. काकांचे डोळे मात्र चमकले. "म्हणजे नोंद मी करायची? मग आधी का नाही सांगितलंत!"

त्यानंतर काका थांबलेच नाहीत. स्वतःचं सगळं लावून झालं, मग काकूंचं, मग आमचं. शब्दकोडं मात्र त्यांनी ठेवलं. पुढे सोसायटीत बातमी फुटली. बागेतल्या बाकावर संध्याकाळी रिटायर्ड मंडळी फोन घेऊन यायला लागली. "काले साहब, मेरा भी कटवा दो." भाटिया आंटींच्या फोनवर दोन वेगवेगळी भविष्य सांगणारी ॲप निघाली. काका म्हणाले, "बहनजी, एक तो रख लीजिए, पर दोनों का भविष्य अलग-अलग आ रहा है!" आंटींनी विचार करून ज्याचं भविष्य चांगलं होतं ते ठेवलं.

मिलिंद म्हणाला, काका दहा वर्षांनी तरुण दिसतायत. खरंच दिसत होते. पण अभिचं तिकीट झालं होतं, आणि तो म्हणजे एकदा मनात आलं की ऐकणारा मुलगा नव्हे.

*

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी काकांनी आम्हाला सगळ्यांना फराळाला बोलावलं. मला वाटतं, एकट्याने सामोरं जायचा त्यांना धीर होत नव्हता. अभि मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेला. त्याने काकांचा फोन तपासला, ॲप तपासलं, खातं तपासलं. सगळं चोख. एक रुपया इकडचा तिकडे नाही. आम्ही शंकरपाळे खातोय असं दाखवत श्वास रोखून बसलो होतो.

"गुड यार पप्पा, मानलं," अभि म्हणाला. "आत्ता ठीक आहे. पण पुढे काय? आजकाल किती फ्रॉड होतात! नंबर बदलूनच टाकू. मला तिकडे शांत झोप तरी लागेल."

काकांनी फक्त मान हलवली. हो म्हणाले की नाही, आम्हाला कळलं नाही. काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या.

तेवढ्यात अभिचा फोन वाजला. त्याने बघितलं आणि चुकचुकला. "च्यायला, परत कापले!"

"कशाचे रे?" काकांनी विचारलं.

"काही नाही पप्पा. ते एक झोपेचं ॲप आहे. पावसाचे वगैरे आवाज लावतं. कधीपासून बंद करायचंय, कुठून करायचं तेच सापडत नाही."

शकीलला ठसका लागला. नसरीनने त्याला चिमटा काढला.

"आण इकडे," काका म्हणाले. त्यांनी लॅपटॉप मांडीवर घेतला, चष्मा नीट केला. "ॲपमध्ये शोधून नाही सापडायचं. बँकेला तू जी परवानगी देऊन ठेवलीस, ती काढायची. लॉगिन कर." अभिने लॉगिन केलं. काकांनी दोन-तीन ठिकाणी बोट ठेवलं आणि ती परवानगी बरोब्बर शोधून काढली. अभि बघतच राहिला. काकांनी 'रद्द करा' दाबलं. बँकेने ओटीपी मागितला. अभिच्या हातातला फोन टिंग करून वाजला.

"हं, सांग," काका म्हणाले.

अभिने फोन पटकन छातीशी धरला. "काय पप्पा! ओटीपी असा सांगायचा नसतो. कोणालाच नाही. अगदी घरच्यांना पण नाही! ज्याचं खातं त्याच्याचकडे राहायला पाहिजे."

मिलिंदच्या हातातला शंकरपाळा तसाच राहिला. अभि आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघायला लागला, आणि हळूहळू त्याचे कान लाल झाले.

काकांनी लॅपटॉप अलगद त्याच्या मांडीवर ठेवला आणि आत हाक मारली.

"अगं, अभिला अजून दोन करंज्या आण. पोरगा अगदी माझ्या मनातलं बोलला!"