व्हॅनच्या काचेवरचा छज्जा

आमच्या साखऱ्याहून हिंगोलीला जाताना सकाळी सूर्य समोर असतो, आणि संध्याकाळी परत येतानाही समोरच. लग्नानंतर बरीच वर्षं हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. आमची एक जुनी व्हॅन होती. माझे यजमान सकाळी गावातली माणसं घेऊन हिंगोलीला जायचे आणि दिवस मावळायच्या सुमाराला त्यांनाच घेऊन परतायचे. कुणाचं दवाखान्यात काम असायचं, कुणाचं कचेरीत, कुणाची हळद मोंढ्यात विकायला लागलेली असायची. मी घरी शिवणकाम करायचे.

एका हंगामात सोयाबीनच्या मळणीवर यांच्या उजव्या डोळ्यात भुसकट उडालं. यांनी डोळा चोळला, अंगावर काढलं, आणि दवाखान्यात जाईपर्यंत बुबुळाला जखम झाली होती. जखम भरली, पण पांढरा ठिपका राहिला. एरवी चालून जाईल, पण समोरून ऊन आलं की दिसायला त्रास होईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. यांनी मान हलवली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, गावात कुणाला ठिपक्याचं सांगू नको, लोक गाडीत बसायचे नाहीत.

सकाळी निघेपर्यंत ऊन वर चढलेलं असायचं, पण तेव्हापासून संध्याकाळ माझ्या अंगावर यायला लागली. मशीनवर बसलेली असायचे, पण पाय थांबून जायचे. जरा उशीर झाला की दारात, मग रस्त्यापर्यंत. शेवटी काही ना काही निमित्त काढून मीच पुढच्या सीटवर बसून जायला लागले. धागा आणायचा, अस्तर आणायचं. यांना ते कळत होतं.

अशाच एका संध्याकाळी सेनगाव सोडल्यावर वळणावर मेंढरं रस्ता ओलांडत होती. मेंढक्या मधोमध उभा राहून काठी हलवत होता. मला वाटलं, यांना दिसतोय. गाडी काही हळू होईना. मी यांचा दंड धरून ओढला तेव्हा ब्रेक लागला. मेंढक्या बॉनेटला हात टेकून उभा होता, एवढ्या जवळ. मागच्या माणसांना वाटलं, मेंढरंच अचानक आडवी आली. घरी आल्यावर यांनी भाकरीला हात लावला नाही.

काळा चष्मा लावून पाहिला होता, पण झाडांच्या सावलीत शिरलं की त्यातून काहीच दिसायचं नाही. ट्रकवाल्यांच्या समोरच्या काचेवर बाहेरून फायबरचा छज्जा असतो, तसा बसवून पाहावा असं यांच्या मनात आलं. हिंगोलीत भंगाराच्या दुकानात एका मोडीत निघालेल्या ट्रकचा छज्जा मिळाला. व्हॅनवर ठेवून पाहिला तर दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. कडा कापाव्यात तर टोकांची गोलाई जाणार, आणि गोलाई गेली की तो काचेच्या बाजूला टेकणार नाही.

मी पुठ्ठा घेतला. व्हॅनच्या टपाचा पुढचा बाक पुठ्ठ्यावर उतरवला, ब्लाउजचा गळा काढावा तसा. तो छज्ज्यावर ठेवल्यावर दिसलं, की टोकं तशीच ठेवून मधला तुकडा काढला आणि दोन अर्धे जोडले तर बराबर बसतंय. हिंगोलीत कूलरच्या फायबरच्या टाक्या दुरुस्त करणारा एक कारागीर होता. त्यानं काचेच्या धाग्यांची जाळी आणि चिकट रेझिन दिलं, आणि आतून-बाहेरून दोन्हीकडून पट्टी लावा, घट्ट करायचं औषध थेंबाथेंबानंच टाका, असं बजावलं.

हेक्सॉच्या करवतीनं कापताना उडालेली धूळ लुगड्यात, मानेत, बोटांच्या बेचक्यांत शिरली. रात्रभर अंग खाजत होतं. यांना मी डोळ्यांवर ओला रुमाल बांधायला लावला आणि कापायचं काम हातात घेतलं, कारण दुसऱ्या डोळ्यात काही गेलं तर काय, हाच विचार डोक्यात होता. पहिल्यांदा औषध जास्त पडलं. रेझिन वाटीतच गरम होऊन दगडासारखं झालं. पुन्हा कालवलं. जोड वाळला तेव्हा वेडावाकडा दिसत होता, पण दोघांनी वाकवून पाहिला तर करकरला नाही.

टपाला भोकं पाडायला मी नको म्हटलं. पत्रा आधीच गंजलेला होता. टपाच्या कडेला पावसाचं पाणी वाहून जायची पन्हळ होती, तिलाच अडकतील अशा दोन लोखंडी पट्ट्या वेल्डरकडून करून घेतल्या. पट्टीखाली ट्यूबचं रबर ठेवलं आणि छज्जा पट्ट्यांना बोल्टांनी कसला.

पहिल्या फेरीला आम्ही दोघंच निघालो. माझं लक्ष रस्त्यावर नव्हतंच, सगळं वर. थोडा वेग आला की छज्जा थरथरायचा आणि तो आवाज माझ्या दातांत उतरायचा. समोरून एक टँकर जोरात गेला, तसा छज्जा वर उचलला गेला आणि धाडकन टपावर आपटला. गाडी बाजूला घेतली. एका बोल्टापासून बोटभर चीर गेली होती. हे बांधावर जाऊन बसले.

"राहू दे," हे म्हणाले. "इकून टाकू गाडी. तुलाबी रोजची तकलीफ."

"इकायची तर इका," मी म्हटलं. "पर आज न्हाई. आज तुमी भेलेले हाव, आन् मीबी."

थोड्या वेळानं हे उठले आणि छज्ज्याखाली हात घालून पाहायला लागले. मागची कड टपाला चिकटून बसली होती, आत शिरलेल्या वाऱ्याला बाहेर जायला जागाच नव्हती. घरी येऊन चीर जोडली, मागे चार बोटं फट ठेवली, मधोमध तिसरी पट्टी लावली आणि बोल्टांखाली रुंद वायसर घातले.

मग गाडी पुन्हा माणसं घेऊन निघाली, मी पुढच्या सीटवर. संध्याकाळी सेनगावच्या पुढं ऊन समोर आलं आणि छज्ज्याची सावली यांच्या कपाळावरून नाकापर्यंत उतरली. यांचे खांदे सैल पडलेले मी पाहिले. मेंढरांचं वळण पार झालं. पण सूर्य आणखी खाली गेला तसं ऊन छज्ज्याच्या खालून आत आलं आणि काच पुन्हा पांढरीफेक झाली. ही गोष्ट आम्ही लक्षातच घेतली नव्हती. माझा हात यांच्या दंडाकडे गेला, त्याआधीच यांनी गाडी कडेला घेऊन बंद केली.

"काहून थांबले?" मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं.

हे स्टिअरिंग धरून बसले होते. मागं न पाहता म्हणाले, "काका, माझ्या डोळ्यात ठिपका हाय. उन्हात दिसून न्हाई राह्यलं. दिवस बुडंपर्यंत थांबू."

मग म्हाताऱ्यानं दार सरकवलं, खाली उतरून तंबाखू मळायला घेतली आणि म्हणाला, "थांबू की. घरी कोणतं लगीन खोळंबलंय."

दुसऱ्या दिवशी काही नेहमीची माणसं जीपनं गेली. त्यांतली थोडी परत आली, बाकीची आली नाहीत. म्हातारा मात्र यायचा. पुढची काही वर्षं आमची व्हॅन रोज संध्याकाळी तिथं थांबायची, सूर्य बुडाला की निघायची. छज्जा टिकला. मी सोबत जाणं हळूहळू कमी केलं, शिवायचे कपडे साचायला लागले होते. तरी वारा सुटला की मशीन थांबवून मी त्या तिसऱ्या पट्टीचा विचार करायचे, आणि गाडीचा आवाज आल्याशिवाय चुलीवर तवा ठेवायचे नाही.