अंड्यांखालची नथ

एका कानावरचा हेडफोन मागे सरकवून, तळहात वर करून तो म्हणायचा, "आधी बघू, मग हात लावू." कुवेतच्या आपल्या मंडळात हे वाक्य न ऐकलेला माणूस नसेल. त्याची नक्कल करण्यात मी सर्वांत पटाईत होतो, हेही तुम्हाला आठवत असेल.

शुऐबा भागातल्या कारखान्यात तो तपासणीत होता, मी देखभालीत. आठवडाभर आमच्या कामातल्या चुका काढायच्या आणि शुक्रवारी सकाळी मेटल डिटेक्टर घेऊन वाळवंटात जायचं, हा त्याचा शिरस्ता. थंडीत लोक तिथे तंबू ठोकून राहतात, त्यांच्या अंगठ्या-नाणी पडतात म्हणे. याला सापडायचे तंबूचे खुंटे, डब्यांची झाकणं आणि प्राणी.

एकदा मी सोबत होतो. यंत्र वाजलं, त्याने खणायला घेतलं, तर शेजारच्या बिळातून धब बाहेर आला. काटेरी शेपटीचा, हातभर लांब सरडा. गेटपास नसलेल्या कंत्राटदाराकडे वॉचमन बघतो तसा तो आमच्याकडे बघू लागला. मी गाडीत जाऊन बसलो. हा पाच पावलं मागे झाला, म्हणाला, "माफ करा हं, चुकून झालं," आणि धब आत गेल्यावर खड्डा बुजवून परत आला. खाली काय होतं ते आजतागायत कळलेलं नाही.

दुसऱ्या खेपेला गंजक्या डब्यात पाठीवर पिल्लं घेतलेली विंचवीण निघाली. त्याने डबा होता तसा ठेवला आणि तपासणीच्या वहीत शेरा लिहिला, 'जागा रिकामी नाही.' मंडळात तो शेरा मी सहा महिने पुरवून वापरला.

मग आपण संक्रांतीचं हळदीकुंकू वाळवंटातल्या तंबूत केलं. घरी आल्यावर माझ्या बायकोच्या लक्षात आलं, नाकात नथ नाही. तिच्या आईची होती. ती दोन दिवस जेवली नाही. याला कुणी सांगितलं नव्हतं, तरी पुढच्या शुक्रवारपासून तो त्या जागेची वाळू चाळू लागला.

काही आठवड्यांनी एका झुडपाशी यंत्र वाजलं. मी खोरं उचललं, तर त्याचा तळहात वर. झुडपाच्या बुंध्याशी, जमिनीवरच, चंडोलाचं घरटं होतं. त्यात तीन अंडी.

"बाजूला ठेव ना ते," मी म्हणालो.

"मग ती परत येणार नाही. पिल्लं उडाली की खणू."

"अरे, सोनं आहे खाली."

"सोन्याला पाय नसतात. वहिनींना सांग, महिनाभर थांबा."

आणि त्याने खिशातून पिवळी पट्टी काढून झुडपाला बांधली. कारखान्यात तपासनीस ती पट्टी लावतो. तो काढेपर्यंत मॅनेजरही त्या कामाला हात लावत नाही. या गृहस्थाने ती एका पाखरासाठी लावली.

मी चिडलो होतो. पुढच्या बैठकीत म्हणालो, "पाखरू अंड्यांवर बसलंय आणि हा आमच्या सोन्यावर." तुम्ही हसलात. मग कुणीतरी म्हणालं, तो तिथे एकटाच जातो म्हणे. यावर कुणी हसलं नाही. मीही काही बोललो नाही.

पिल्लं उडाली. त्याने पट्टी सोडली, माझ्यासमोर खणलं. कोल्ड्रिंकचं झाकण निघालं. मंडळाने यातून काय अर्थ काढला, ते तुम्हाला माहीत आहे.

तुम्हाला जे माहीत नाही, ते असं. उन्हाळ्याच्या तोंडावर शाली पेटीत घालताना बायकोला नथ सापडली. शालीच्या गोंड्यात अडकली होती.

"भावोजींना आत्ताच फोन करा," ती म्हणाली.

मी म्हणालो, "करतो." केला नाही. लोक मला हसतील, एवढंच कारण होतं. गणपतीच्या मूर्तीचे चांदीचे दागिने वर्षानुवर्षं त्याच्या घरी असत. त्या वर्षी तुम्ही ते विश्वासाने माझ्याकडे दिलेत. मी घेतले.

दोन वर्षांनी तो निवृत्त होऊन नाशिकला निघाला. निरोपाच्या जेवणाला बायको मला न विचारता तीच नथ घालून आली आणि नेमकी त्याच्या समोरच्या खुर्चीत बसली. तिला वाटलं, आता तरी मी बोलेन. पंगतीत अर्धं मंडळ होतं. तुमच्यातल्या कुणी विचारलं, "वहिनी, नथ सापडली का?"

"छे," मीच म्हणालो. "नवी घडवून घेतली, पुण्याहून."

बायकोने मान खाली घातली. आयुष्यभर जोडातली केसाएवढी भेग शोधणाऱ्या त्या माणसाने नथीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"छान घडवलीय," तो म्हणाला. "अगदी जुन्यासारखी."

गेल्या महिन्यात तो गेला. खरं तुम्हाला सांगायला मी तोपर्यंत थांबलो. निरोपाच्या त्या जेवणात बायको ताटावरून उठून गेली होती. त्याने मात्र श्रीखंड पुन्हा मागून घेतलं, आणि मलाही वाढायला सांगितलं.