पेढ्यांच्या बॉक्समधल्या लेंड्या

आईने शेळीच्या लेंड्या पेढ्यांच्या रिकाम्या बॉक्समध्ये भरल्या, तेव्हाच मी ओरडायला हवं होतं. पण घाई होती.

वडील गेल्यावर आई गावाहून कर्वेनगरला माझ्याकडे आली, ती एकाच अटीवर: शेळी बरोबर येणार. घरामागच्या मोकळ्या जागेत तिला बांधली. या पावसाळ्यात मात्र शेळी खंगली. पाला पुढे टाकला की नुसती हुंगायची. जबड्याखाली पिशवीसारखी सूज आली. आईने तिची पापणी उलटून दाखवली, तर आतून पांढरीफटक.

"ही गेली तर मी हितं कुणासाठी राहू गं? गावाला जाईन," आई म्हणाली. तिथे एकटीने राहायचं तिचं वय नव्हतं. जनावरांच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, पोटात जंत असणार, ताज्या लेंड्या घेऊन या, तपासतो.

रिक्षासाठी फाटकापाशी उभ्या होतो, तर मी शिकवते त्या कॉलेजातल्या एक मॅडम समोरून आल्या. "अरे वा, पेढे! मुलाचं जमलं वाटतं. आम्हाला कळवायची पद्धत नाही का तुमच्यात?" म्हणत त्यांनी थेट बॉक्सलाच हात घातला.

"लेंड्या हायत त्या," आई म्हणाली. "शेळीच्या. तपासायला न्यायच्यात."

मॅडमनी हात झटकन मागे घेतला. मग आईच्या विटक्या नऊवारीकडे बघत मला विचारलं, "ह्या कोण?"

माझी बोबडीच वळली. मेलं, 'आई' म्हणायला काय जात होतं? आईने एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तीच म्हणाली, "म्या कामाला असते बाईंकडं."

"नशीबवान आहात, हल्ली माणसं मिळतात कुठे," म्हणून मॅडम गेल्या.

रिक्षात मी म्हटलं, "असं का गं बोललीस?"

"तुला अवघड झालं हुतं," ती म्हणाली. बॉक्स मांडीवर होता, तिच्या.

जंतच निघाले, पोटात राहून रक्त पिणारे. औषध पाजलं, काही दिवसांनी पुन्हा पाजलं. सूज उतरली, शेळी पाल्यावर तुटून पडायला लागली. आई गावाला गेली नाही.

पण आता बेल वाजली की ती मागे शेळीपाशी जाऊन बसते. चुकून तीच दाराशी असली, तर पदर सारखा करून आत हाक मारते, "बाई, तुमच्याकडं कुणी आलंय."