घाटकोपरहून निघालो आणि तिकडच्या नदीवर पोचलो

वर्सोव्याच्या खाडीपलीकडे मढला जायचं आमच्या घरात दर हिवाळ्यात ठरतं आणि दर हिवाळ्यात कोणाला तरी सर्दी होते. या वेळी मात्र मामाचाच फोन आला. "चल गो, मढला जाऊया. माझं शूटिंग आहे." सत्तरीला आलेला माणूस हिरो होतो म्हटल्यावर भाचीने रजा टाकायलाच हवी. मी टाकली.

मामाची ओळख आधी करून देते. तो सैन्यात पूल आणि रस्ते बांधणाऱ्या पलटणीत सुभेदार होता. निवृत्तीच्या थोडं आधी शांतिसेनेबरोबर आफ्रिकेतल्या एका देशात गेला. तिथली यादवी नुकती थांबली होती. त्या देशाचं नाव तो कधी घेत नाही, नुसतं "तिकडे" म्हणतो. त्याच्या तुकडीने तिकडे एका रुंद नदीवर होड्या लागायला धक्का बांधला आणि त्याची टीव्हीवर बातमी आली. फीत कापली जातेय, मामा बायकांना मिठाई वाटतोय आणि बातमीदार म्हणतोय की उद्ध्वस्त गावाला नवं आयुष्य मिळालं. गणपतीत आरती झाली की ती क्लिप मामाकडे लागतेच. ती लागली की मामा गॅलरीत जाऊन तुळशीला पाणी घालतो, मग सकाळी घातलेलं असलं तरी. आम्ही समजायचो, लाजतो.

आता अंधेरीच्या काही मुलांना युद्धानंतर देश उभा करणाऱ्या सैनिकांवर माहितीपट करायचा होता. त्यांना ती क्लिप सापडली आणि त्यांनी मामाला शोधून काढलं. मेट्रोत बसल्यावर तो म्हणाला, "आज खरं काय झालं ते सांगून टाकतो. एका बाईला शब्द दिलाय मी."

घाटकोपर ते वर्सोवा मेट्रोने जाणं हा या सहलीचा सगळ्यात स्वस्त आनंद आहे. खिडकीची जागा मिळवा. गाडी लोकांच्या तिसऱ्या मजल्यांसमोरून जाते. कोणाच्या बाल्कनीत पापड वाळतायत, कोणी आरशासमोर भांग पाडतंय. सकाळच्या धुरकट उन्हात हे सगळं अर्धवट झोपेतल्यासारखं सरकत राहतं. मामा इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसला होता. मांडीवर हिरव्या झाकणाची जुनी पाण्याची बाटली. मला तहान लागली म्हणून हात पुढे केला तर म्हणाला, "ही नको. तुझी पी."

वर्सोवा स्टेशनवरून जेट्टीला रिक्षा करा. चालत गेलात तर गल्ल्यांत हमखास चुकाल. चुकायची हौस असेल तर मात्र जरूर चाला. कोळीवाड्यात बांबूंवर बोंबील टांगलेले असतात, त्यांच्या खालून वाकून जावं लागतं. वास पहिली दोन मिनिटं येतो, मग नाक शरण जातं. फेरीबोटीचं तिकीट चहाच्या किमतीत मिळतं. बोटीत माणसं चढतात तशा स्कूटरीही चढतात. आमच्या पुढे एक मावशी टोपली घेऊन उभी होती. तिने स्कूटरवाल्याला चांगलंच झापलं, "आरं, गाडी सरळ धर ना! माझ्या पापलेटांवर बसवतोस काय?"

खाडी एवढीशी आहे, मढ समोर दिसत असतं. पण बोट सुटली की आवाज मागे राहतात आणि पाणी एकदम जवळ येतं. मामाला मागचं सगळं इथेच आठवलं असणार, कारण पलीकडे उतरून खानावळीत जेवायला बसलो तेव्हा तो मधूनच सुरू झाल्यासारखा बोलायला लागला. सुरमईची थाळी अप्रतिम होती, सोलकढी जरा पातळ. माझी भाकरी अर्ध्यावर राहिली ती मात्र त्याच्या गोष्टीमुळे.

तो धक्का त्यांनी रस्त्याच्या जवळ, टणक जमिनीवर बांधला होता. तिथून बाजारही सोयीचा. फीत कापायच्या दिवशी कॅमेरा आला, ट्रक भरून माणसं आणली. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर कोणी नाही. बायका आपल्या जुन्याच काठाला उतरायच्या, मांडीभर चिखलातून, डोक्यावर ओझं घेऊन. पलटणीला राग आला. एवढं राबून बांधलं आणि यांना किंमत नाही. मामाने दुभाष्याला घेतलं आणि एका म्हाताऱ्या बाईला जाऊन विचारलं.

"तिने काय सांगितलं ठाऊक आहे?" मामा ताटात बघत म्हणाला. "लढाईत बंदूकवाल्यांनी त्यांच्या पोरांना त्याच काठावरून होड्यांत घालून नेलेलं. तिचे दोन मुलगे. ते परत आले तर कुठे येतील? त्यांना तोच काठ माहीत. रोज संध्याकाळी बायका तिथे पाण्याचं भांडं ठेवायच्या. येणारा तहानलेला असेल ना. आम्ही धक्का दुसरीकडे बांधला म्हणजे होड्या तिकडे जाणार, आणि हा काठ ओस पडणार."

आमच्याकडे बाहेरून कोणी आलं की आधी गूळपाणी देतात. माझी आजी तर वाटेवरच्या अनोळखी माणसालाही द्यायची. मामाला आणखी समजावून सांगायची गरज पडली नसेल.

मग त्यांनी साहेबांची परवानगी काढली आणि धक्का उचलला. फळी न् फळी सोडवून जुन्या काठावर नेली. चिखलात खांब टिकेनात म्हणून पुन्हा पुन्हा ठोकले. त्या वेळी कॅमेरा नव्हता. निघायच्या दिवशी त्या बाईने विचारलं, घरी जाऊन आमचं काय सांगशील? मामा म्हणाला, तू पाणी ठेवतेस ते सांगेन. "आणि इतकी वर्षं घरात चालतेय ती फीत कापायचीच गोष्ट," तो म्हणाला. मला तुळशीचं पाणी आठवलं.

शूटिंगचा बंगला गावाच्या टोकाला, रिक्षाने दहा मिनिटांवर. कंपाउंडच्या मागे पाण्यात लाकडी धक्का उभा केला होता, शेजारी जळकी झोपडी, गोळ्यांची भोकं पाडलेली प्लायवूडची भिंत. पलीकडे खरी माडाची झाडं, खरं पाणी, बगळे. उन्हं कलली तशी भिंत खोटी वाटेनाशी झाली. मामा धक्क्यावर गेला, हाताने एक खांब हलवून बघितला आणि तिथेच उभा राहिला. तो आता मढला नव्हता.

रिद्धी नावाची मुलगी दिग्दर्शक होती, गोड आणि घाईत. मामाने सगळं सांगितलं. लाइटवालासुद्धा हलला नाही. रिद्धीने डोळे पुसले आणि मग म्हणाली, "काका, झकास बोललात, खरंच. पण वेळ फार कमी असतो यार. आणि लोकांना आशा पाहिजे असते ना. धक्का हलवला म्हटलं की वाटतं, पहिल्यांदा चुकलं."

"चुकलंच होतं," मामा म्हणाला.

"बघते मी काय होतं ते," ती म्हणाली. त्यातून काय व्हायचं ते मला तिथेच कळलं.

शेवटचा शॉट सूर्यास्ताचा. मामाने नुसतं धक्क्याच्या टोकापर्यंत जाऊन परत यायचं. तो गेला, टोकाशी वाकला, हिरव्या झाकणाची बाटली तिथे ठेवली आणि मागे न बघता परत आला.

"काका, बाटली राहिली!" कॅमेरामन ओरडला.

"राहू दे."

ऊन जात होतं, पुन्हा घ्यायला वेळ नव्हता. परतीच्या बोटीत आम्ही मागच्या बाजूला बसलो. खाडीचं पाणी आधी तांबूस आणि मग करडं झालं. मला उगाच वाटत राहिलं की मागे कोणीतरी होडीतून उतरतंय. तुम्ही गेलात तर संध्याकाळचीच बोट पकडा आणि शक्यतो कोणाशी बोलू नका.

माहितीपट इंटरनेटवर आला तेव्हा आम्ही सगळे घाटकोपरला मामाकडे जमलो. जुनी क्लिप होती, फीत होती, मिठाई होती. मामाच्या तोंडचं एवढंच राहिलं होतं, "आम्ही तिकडे धक्का बांधला." म्हातारी बाई नाही, काठ नाही. मला इतका संताप आला की मी रिमोट आपटला. पण मामा गॅलरीत गेला नाही. तो शेवटच्या दृश्याची वाट बघत होता. मावळतं ऊन, धक्क्यावरून परत चालत येणारा मामा, आणि मागे टोकाला स्पष्ट दिसणारी बाटली. तेवढी कापायची राहून गेली होती.

खाली प्रतिक्रियांत लोकांनी लिहिलं होतं. शेवटच्या सीनमध्ये कोणाची तरी बाटली राहिली वाटतं. एकाने तर सैनिकानेच कचरा केल्याबद्दल चार शब्द सुनावले होते. मी वाचून दाखवलं. मामा आधी पोट धरून हसला.

"लिही त्याला. राहिली नाही. ठेवली आहे."

मी लिहिलं. चहा झाला, मामीने भांडी विसळली. मग फोन वाजला. माझ्या उत्तराखाली कोणीतरी एकच शब्द लिहिला होता: कोणासाठी?

मी तो मोठ्याने वाचला. मामाने चष्मा लावला आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"इचारल्यान बघ कोणीतरी," तो म्हणाला. "घे, लिही."